ग्रहणात कोंबड्यांना मज्जाव

सूर्य निम्म्याहून अधिक झाकला गेला आणि नेमके तेव्हाच ढग आले.

औषधांच्या दुकानाला कुलूप घालून ती आईसह गच्चीवर येऊन बसली होती. समोर दुर्बीण, मांडीवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये गावोगावच्या अशाच गच्च्या. आकाश पाहणाऱ्यांचा तो ऑनलाइन मंच तिने उभा केला होता. त्याची राखणही तीच करी. आजच्या ग्रहणाच्या धाग्याची, म्हणजे त्या एकाच विषयावरच्या सलग चर्चेची, वाट सगळ्यांनी चातकासारखी पाहिली होती. आता त्या धाग्यावर एकामागून एक एकच शब्द उमटत होता : ढग.

“तुझा कोंबडीवाला हल्ली गप्प कसा?” आईने विचारले. आभाळ भरून आले तरी तिने डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला नव्हता.

“गप्प नाहीये. मी अडवलाय त्याला.”

कोंबडीवाला म्हणजे एक निवृत्त दंतवैद्य. चर्चा शनीच्या कड्यांची असो की आरसा घासण्याची, हा गृहस्थ मध्येच येऊन आपल्या कोंबड्यांची खबरबात देई. तांबडी खुडूक बसली. पांढरीने पुन्हा कुंपण ओलांडले. विनवण्या झाल्या, तंबी देऊन झाली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बाजारात चष्म्यांचे दुकान असलेला, मंचाचा कणा असा चष्मेवाला निर्वाणीचे बोलला : “ग्रहणाच्या धाग्यावर एक पीस जरी दिसलं ना, तर मी निघालो. आणि एकटा नाही निघणार.” तिने त्याला शब्द दिला. तेव्हापासून दंतवैद्याचे लिखाण आधी तिच्याकडे येई, आणि तिने मान डोलावली तरच इतरांना दिसे. तिने मान एकदाही डोलावली नव्हती.

“माणूस वाईट नाही गं,” आई म्हणाली. “तुमच्या त्या सगळ्या बोलण्यातलं मला तेवढंच कळतं.”

धाग्यावर निरवानिरव सुरू झाली. कुणी तिपाई मिटली, कुणी कॅमेरा पिशवीत घातला. चष्मेवाल्याने लिहिले, “चला, आवरतो. ढगाआडून दिसणार काय? नुसता अंधार. तो तर रोजच पडतो.”

त्याच क्षणी अडवलेल्या मजकुरात दंतवैद्याची ओळ आली. सवयीने तिचे बोट ती उडवायला गेले आणि वाटेतच थांबले.

‘तांबडी दाणे टिपता टिपता थबकली. घराकडे वळली.’

मागोमाग दुसरी. ‘सगळ्या निघाल्या. भर दुपारी, एकामागे एक. कुणी हाकललेलं नाही.’

दंतवैद्याचे गाव मंचावरच्या सगळ्यांच्या पश्चिमेला होते. आणि चंद्राची सावली पश्चिमेकडूनच येणार होती. ढगांना विचारून नव्हे.

‘कोंबडा वरच्या दांडीवर चढला. मान पंखात घातली. आता अंधार. आभाळ इथेही गच्च आहे, ताई, पण ती आली. मला ठाऊक आहे, हे फक्त तुम्हालाच दिसतं. तुम्ही तरी आत जाऊ नका. तुमच्याकडे निघालीय.’

“आई, सावली निघाली.”

“कुठून?”

“कोंबडीवाल्याच्या घरून.”

“मग सांग की सगळ्यांना. माझ्या तोंडाकडे काय बघतेस?”

शब्द दिला होता. आणि शब्द मोडला तर अर्धा मंच रिकामा होणार होता. तिने डोळे मिटले आणि एका दमात सगळ्या कोंबड्या मोकळ्या सोडल्या. खाली घाईघाईने लिहिले, ‘कुणीही आत जाऊ नका. वर बघू नका. आजूबाजूला बघा.’

कुणी रागावले नाही. मग दंतवैद्याच्या शेजारच्या गावातून ओळ आली : ‘तळ्यावरचे बगळे झाडावर उतरलेत.’ त्यापुढच्या गावातून : ‘मैदानावरची पोरं चेंडू टाकून उभी आहेत.’ मग, ‘गल्लीतले दिवे आपोआप लागले.’ ‘आमचा कुत्रा पायाला अंग चिकटवून बसलाय, हलत नाही.’ ‘शेजारचं तान्हं रडता रडता थांबलं.’ सावली गावामागून गाव ओलांडत धाग्यावरून खाली सरकत होती, आणि तिच्या पुढे पुढे धावणारी वाक्ये धापा टाकत तोकडी होत चालली होती. ‘वारा पडला.’ ‘थंड.’ ‘आली.’ ‘आली.’

आता तिच्या गावाच्या अलीकडे फक्त चष्मेवाल्याचे गाव उरले होते. तिथून काहीच आले नाही.

आणि मग पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, रस्त्याच्या टोकाची घरे, सगळे एका अंगाने निळसर राखेत बुडत आले. अंधार वरून उतरला नाही. तो क्षितिजाकडून चालत आला, ओळखीच्या माणसासारखा, थेट गच्चीवर. आईने चष्मा काढला आणि कठड्याला धरून उभी राहिली.

“बाई गं,” ती हळूच म्हणाली, “किती मोठी आहे ही.”

काळोखात मांडीवरचा पडदा तेवढा उजळ होता. त्यावर चष्मेवाल्याची ओळ उमटली.

‘बाजारातली झाडून सगळी माणसं रस्त्यावर आलीयत. कुणीतरी माझा हात धरून उभं आहे, ओळख ना पाळख. ताई, या धाग्यावरचं काहीही उडवू नका.’