चार वाजताची घरं

मागचं दार उघडण्याआधी सुनेने हॉलमधला कानोसा घेतला. टीव्हीवर कार्यक्रमाचं संगीत सुरू झालं होतं. आता पुढचा तासभर सासूबाईंच्या कानाशी ढोल बडवला तरी त्या मान वळवणार नव्हत्या.

"चपला इथेच काढा," ती एजंटबाईंना हळूच म्हणाली. "आणि बोलायचं ते खुणेनं."

एजंटबाईंच्या मागून एक जोडपं पाय न वाजवता स्वयंपाकघरात शिरलं. गिऱ्हाईक बरं दिसत होतं. जोडप्यातल्या बाईंनी ओट्यावरून हात फिरवला, त्यांच्या नवऱ्याने नळ सोडून पाहिला. सुनेने चटकन हॉलकडे पाहिलं. पण नळाने हूं की चूं केलं नाही. त्याची खडखड गेल्याच महिन्यात दुरुस्त झाली होती, तीही सासूबाईंनी टुमणं लावलं म्हणून.

त्या कार्यक्रमाने म्हातारीला वेड लावलं होतं. रोज चारला कॅमेरा महानगरातल्या एखाद्या उंची घरात शिरायचा. जमिनीपासून छतापर्यंत काचा, खाली मुंगीएवढ्या गाड्या, अख्खं बिऱ्हाड मावेल एवढी न्हाणी. एक गुळगुळीत गृहस्थ दारं उघडत हिंडायचे आणि सासूबाई खुर्चीत पुढे सरकायच्या. मग आपल्या घरात खुसपटं काढायच्या. ओल आलेली भिंत रंगवून घ्या, ते जुनं कपाट हलवा, अंधार वाटतो. मुलाने आणि सुनेने सगळं हसतमुखाने केलं. घर विकायचंच होतं, ते आयतंच सजत होतं.

वेड सुनेलाही लागलं होतं. सुट्टीच्या दिवशी सासूबाईंशेजारी बसून ती ती घरं बघायची, आणि बघता बघता तिला स्वतःच्या घरात कोंडल्यासारखं होऊ लागलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर तपासायचे आणि घरी येऊन समोरच्यांची वाळत घातलेली कापडं बघायची, एवढंच का आपल्या डोळ्यांचं नशीब? तिला काचेची भिंत हवी होती. नवऱ्याला तिने सहा महिन्यांत वळवलं. त्या काचेच्या घरात सासूबाई कुठेच बसत नव्हत्या, म्हणून त्यांच्यासाठी वृद्धाश्रम बघून ठेवला होता. चांगला होता, आवारात झाडं होती. हे ती स्वतःला दिवसातून चारदा सांगायची आणि तरी तिला लाज वाटायची.

घर होतं सासूबाईंच्या नावावर. पण मुखत्यारपत्रावर सही मिळाली ती अगदी सहज. "बँकेचं काम आहे," म्हणत नवऱ्याने बरोबर सव्वाचारला कागद पुढे केला होता.

"नोंदणी कार्यालयात तीस वर्षं लोकांचे कागद वाचले," सासूबाई म्हणाल्या होत्या. "आता तरी वाचायला लावू नकोस बाबा." पडद्यावरून नजर न काढता त्यांनी सही ठोकली. त्या दिवशी नवरा जेवला नाही.

आता तो आईशेजारी पहारा देत बसला होता. सुनेने पाहुण्यांना हॉलच्या दारापर्यंत आणलं आणि बोटानेच छत दाखवलं, खिडकी दाखवली. सासूबाईंच्या खुर्चीची पाठ इकडे होती. पांढरा अंबाडा तेवढा दिसत होता.

तेवढ्यात पाहुण्या बाईंच्या पर्समध्ये फोन वाजला.

चौघंही जागच्या जागी थिजली. बाईंनी पर्स छातीशी आवळली, तरी तो मेला आणखी दोनदा वाजला.

"कुणाचा रे फोन?" सासूबाईंनी विचारलं.

"टीव्हीतला, आई," नवरा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

"असेल. त्यांनाही कामं असतातच की."

सुनेने पाहुण्यांना मागे सरकायची खूण केली. पाहुणे मात्र एकमेकांकडे बघून मान हलवत होते. पसंत होतं. एजंटबाईंनी सुनेला डोळ्यांनीच शाबासकी दिली आणि सगळे मागच्या दाराकडे वळले.

टीव्ही बंद झाला.

साडेचारसुद्धा वाजले नव्हते. त्या शांततेत काठीचा आवाज येऊ लागला. हॉल, बोळ, स्वयंपाकघराचा उंबरा. नवरा मागून येत होता, तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"आई, हे आमच्या दुकानातले..." सुनेने सुरुवात केली.

"उभी काय केलीस माणसांना? पाणी दे त्यांना." सासूबाई स्टुलावर टेकल्या. "आवडलं का घर?"

पाहुण्यांनी एजंटबाईंकडे पाहिलं. मग पाहुण्या बाई चाचरत म्हणाल्या, "छान आहे. उजेड भरपूर आहे."

"पहिल्या मजल्यावरचे डॉक्टरही हेच म्हणाले. दोनदा येऊन बघून गेले, ही दोघं कामावर असताना. सोमवारी नोंदणी झाली. तुम्हाला उगीच हेलपाटा पडला हो."

"कसली नोंदणी?" नवरा पुटपुटला. "आई, तू तर त्या कागदावर..."

"मुखत्यारपत्र ना? दुसऱ्याच दिवशी रद्द करून आले. कार्यालयातली मुलं अजून खुर्ची देतात मला."

एजंटबाईंनी पाहुण्यांना कोपराने ढोसलं. तिघंही चपला हातात घेऊन जिन्याकडे सटकली. सुनेच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"मग आई, तुम्ही कुठे राहणार?" तिच्या तोंडून निघून गेलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिने त्यांना पहिल्यांदाच विचारला होता.

"अठराव्या मजल्यावर," सासूबाई म्हणाल्या. "एका माणसापुरतीच जागा आहे गं, नाहीतर तुम्हालाही नेलं असतं."