माझा लेगपीस कुठंय

बुधवारी कामावरून पुंडलिकनगरातल्या घरी येताच प्रणितानं चिकन उकडलं, हाडं काढून बारीक तोडलं, कच्चा कोबी, सोया सॉस, लिंबू आणि शेंगदाण्याचं कूट घालून सॅलड कालवलं आणि चौघांना सारखं वाढलं.

“ही वैरण कुणासाठी?” सासरे कडूबा चमच्यानं ताट उकरत म्हणाले. कोंबडीचे दोन लेगपीस त्यांचे आणि लेकाचे, हे या घरात ठरलेलं होतं. “माझा लेगपीस कुठंय?”

“सगळ्यांच्या ताटात थोडा थोडा आलाय, मामा.”

“म्हंजी कुणालाच नाय.” त्यांनी ताट दूर सारलं. “भागू, सांग हिला. आपल्यात असं नसतं.”

“नसतंच,” भागूबाई घास चावत म्हणाल्या. “छत्तीस वर्षं मला नुसती पाठीची हाडं. तुम्हाला नको असंल तर ते ताट इकडं द्या.”