झकासचा शिक्का

"आलं का गं?"

छपरावरून बाबांची हाक यायची. केबल कंपनीत ते लाइनमन. दिवसभर लोकांच्या तारा जोडायचे आणि उरल्यासुरल्या उजेडात स्वतःच्या घरची. खाली टीव्हीसमोर सात वर्षांची धाकटी उभी. वरून हाक, खालून हाक, मधे एक काळी तार.

एकदा वारा असा सुटला, की शिडी भिंतीवर टकटक करू लागली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. तरी ती जिवाच्या आकांताने ओरडली, "आलं, बाबा! उतरा आता!"

बाबा उतरले. त्या मुंग्यांपुढे मांडी घालून बसले, घटकाभर बघत राहिले. मग म्हणाले, "झकास!"

त्या एका शब्दाच्या उबेवर धाकटीने पुढे कारखाना उभा केला. इंटरनेटवरून सिनेमे-मालिका दाखवणारी मुठीएवढी पेटी. पहिली पेटी तिने बाबांच्या घरी ठेवली. नवा कुठलाही बदल आधी त्या पेटीत जायचा. संध्याकाळी ती फोन करायची, "चित्र कसं आहे, बाबा?" पलीकडून "झकास" आलं, की मगच तो बदल हजारो घरांत पोचायचा. कारखान्यात त्याला झकासचा शिक्का म्हणत.

बाबांच्या खिडकीतून ती काळी तार अजून आत येत होती. काढून टाका म्हटलं, तर म्हणायचे, "असू दे, जुनी सोबत आहे." ती भेटायला गेली, की आधी टीव्ही बंद. "लेक समोर असताना त्या खोक्यात काय बघायचं?"

आणि आज तीच केबल कंपनी कारखाना विकत घ्यायला आली होती. लांब टेबलाच्या एका बाजूला चष्मा कपाळावर चढवलेल्या कंपनीच्या बाई. दुसऱ्या बाजूला दादा, धाकटी आणि बाबा. मालकी तिघांची. दादा म्हणत होता विकू, धाकटी म्हणत होती नाही. कौल बाबांच्या हातात, म्हणून ती निर्धास्त होती.

"पेटी देखणी आहे," बाई म्हणाल्या. "पण जुन्या वस्त्यांत चालत नाही. जाड भिंती, मरतुकडं नेट. चित्राऐवजी नुसतं चाक फिरत बसतं. तिथे आमच्या तारा आहेत, तुमच्याकडे पेटी आहे. म्हणून तर आलो."

"एकही तक्रार नाही आमच्याकडे! कुणी सांगितलं तुम्हाला?" धाकटी उसळली.

"नाव नका विचारू. तुमच्या घरचाच माणूस आहे. फार तळमळीने बोलला."

धाकटी गर्रकन दादाकडे वळली. "घरभेदी!"

"अगं, मी यांना आज पहिल्यांदा बघतोय!"

"तूच! लहानपणी माझ्या बाहुलीचे डोळे काढून गोट्या म्हणून विकलेस. आता मलाच विकायला निघालास?"

"एकदाच विकले! आणि त्या पैशांच्या चिंगममधलं अर्धं तुलाच दिलं होतं."

बाई हसल्या. बाबा हसले नाहीत. तारांनी चिरलेली बोटं ते एकमेकांवर घासत होते.

"जुनी वस्ती म्हणे!" धाकटीचा आवाज चिरकला. "आमच्या बाबांच्या भिंती हातभर जाड आहेत. तिथे पहिली पेटी रोज चालते, सात वर्षं. बाबा, तुम्हीच सांगा यांना. विकायचं की नाही?"

बाबांनी सावकाश हात वर केला.

"विकायचं, चिमणे."

पायाखालची शिडी कुणीतरी काढून घ्यावी, तसं तिला झालं. "बाबा... तुम्हीसुद्धा? दादाने काय भरवलं तुम्हाला?"

"त्याला बोल लावू नकोस. बाईंकडे मी गेलो होतो."

"तुम्ही? काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

बाबांनी मान वर केली. छपरावरून हाक मारावी तसं, पण अगदी हळू म्हणाले,

"आलं नाही गं. पहिल्या दिवसापासून, एकदाही नाही."