सासूबाईंचं मौन

एक नळी काही केल्या ऐकेना. अर्धशिशीवाल्यांच्या रक्तात सापडलेलं ते द्रव्य चक्क एका निरोगी माणसाच्या नळीत ठाण मांडून बसलं होतं. सूनबाईने पुन्हा पुन्हा तपासलं. द्रव्य जागचं हलेना. इतक्या वर्षांची मेहनत एवढ्याशा नळीपायी पाण्यात जाणार!

"निरोगी माणसातही सापडत असेल, तर ती अर्धशिशीची खूण कसली?" प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या. "माणूस कोण ते बघ. खरंच निरोगी असेल, तर हे काम बंद."

नळीवर नुसता आकडा होता, नाव बंद पाकिटात. पाकीट फोडलं आणि तिने कपाळावर हात मारला. सासूबाई!

निरोगी रक्त मिळेना म्हणून तिनेच त्यांना गळ घातली होती. त्या बाही वर करून तयार. "घे हवं तेवढं. माझं डोकं जन्मात दुखलं नाही. दुसऱ्यांची दुखवली असतील! अर्धशिशी म्हणजे तुमची आजकालची थेरं." आता अशा बाईला खोटं पाडायची छाती कुणाची?

ती तडक घरी आली. घर चिडीचूप. टीव्ही बंद. नवरा चपला हातात घेऊन चालत होता.

"आईचं मौन आहे," तो कुजबुजला.

मौन म्हणजे त्या घरातलं मोठं प्रस्थ. महिन्यातून दोन-तीनदा सासूबाईंना लहर यायची. पडदे ओढून खोलीत बसायच्या. जेवण नाही, बोलणं नाही. नातेवाईक म्हणायचे, काय तो निग्रह! सूनबाईही पाय न वाजवता दारावरून जायची. आज मात्र ती थबकली. उजेड नको. आवाज नको. अन्न नको. अगं बाई!

तिने दार किलकिलं केलं. सासूबाई डोक्याला फडकं करकचून बांधून पडल्या होत्या. उशाशी बादली.

"उजेड, उजेड!" त्या कळवळल्या.

तिने दार लावलं आणि अंधारात त्यांच्याजवळ बसली. नळी खरं बोलत होती! तिला उडी मारावीशी वाटली, आणि स्वतःची लाजही वाटली.

"आई, कधीपासून?"

"तुझा नवरा पाळण्यात होता तेव्हापासून."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. डोकं दुखतंय म्हटलं, तर माझ्या सासूबाई म्हणाल्या, कामाचा कंटाळा. पुढच्या खेपेला म्हटलं, मौन आहे. तर त्याच सासूबाई दाराशी पाणी ठेवून गेल्या."