अपाय शून्य

"कुठली औषधं चालू आहेत?" ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं. स्ट्रेचरवरून वैद्यबुवांची बायको ठणकावून म्हणाली, "एकही नाही." बुवांची मान ताठ झाली. तीस वर्षं झाडपाला विकला, पण घरात गोळी शिरू दिली नव्हती. स्ट्रेचर हललं आणि त्यांना तिचा सकाळचा टूथब्रश आठवला, हिरड्यांच्या रक्ताने माखलेला. खिशात त्यांच्याच सेंद्रिय लसणाच्या अर्काची बाटली होती. रोज दोन चमचे ते तिला पाजत. पण दाराबाहेरच्या बाकावर सगळी त्यांचीच गिऱ्हाइकं बसलेली. "थांबा!" म्हणत त्यांनी बाटली पुढे केलीच. बाईंनी लेबल मोठ्याने वाचलं, "रक्त पातळ ठेवतो. अपाय शून्य." मग त्या कडाडल्या, "अहो, रक्त थांबवताना नाकी नऊ आले असते! ऑपरेशन रद्द." बाकावरचा शिंपी उठला. "बुवा, माझ्या आईलाही हाच अर्क दिलात. तिला आत नेऊन अर्धा तास झाला."