कडेची खुर्ची

पाणबुडी समुद्राच्या तळाला टेकली आणि सून खुर्चीतून उठली.

"अगं, आता कुठे रंग भरतोय," सासू पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "कडेची खुर्ची मागितलीस तेव्हाच ओळखलं मी. पळपुट्यांची जागा ती."

"आई, मला श्वास घेता येत नाहीये."

"समुद्राखाली तो आहे, आणि दम तुझा कोंडतोय?"

मागच्या रांगेतून कोणीतरी "शूऽऽ" केलं. सात वर्षांच्या चिमणीला आजीजवळ सोडून सून अंधारात पायऱ्या चाचपत बाहेर आली.

तो म्हणजे सुनेचा नवरा, सासूचा एकुलता एक मुलगा. खऱ्याखुऱ्या पाणबुडीवर, इंजिनाच्या कामावर होता. पाणबुडी एकदा पाण्याखाली गेली की फोन नाही, निरोप नाही. या खेपेला त्यानं सांगितलेली तारीख उलटून गेली होती. नौदलाच्या कचेरीत विचारलं तर उत्तर ठरलेलं, "होतं थोडं पुढेमागे." अशात चिमणीनं हट्ट धरला. बाबा कुठे झोपतो ते तिला सिनेमात बघायचं होतं.

सुनेच्या घशाखाली घास उतरत नव्हता. औषधाच्या दुकानात ती काउंटरवर असायची. परवा एका गिऱ्हाइकाला खोकल्याच्या जागी पोटाचं औषध देता देता राहिली. आणि सासू? वेळेवर जेवायची, आडवी पडली की घोरायची. उरलेला वेळ शिवणाच्या मशीनवर. उशीच्या एकाच अभ्र्याची कड तिनं तीनदा उसवली आणि तीनदा शिवली. टाका वाकडा गेला, म्हणे. पोटच्या पोराची खबर नाही आणि बाईचा जीव अभ्र्याच्या टाक्यात! या दगडाशेजारी आता राहायचं नाही, असं ठरवून सुनेनं सकाळीच बॅग भरली होती. चिमणीला सुट्टी होतीच. उद्याच्या गाडीनं माहेरी जायचं, ते तो परत येईपर्यंत. तसं सांगितलं तेव्हा सासू नुसतं "बरं" म्हणाली होती. मान वर न करता.

बाहेर सून येरझाऱ्या घालू लागली. मध्येच तिनं जाड दाराला कान लावला. आतून लोखंडावर ठोकल्यासारखे आवाज आले. मग काहीच नाही. आत जावं तर पाय उचलेना, घरी जावं तर जीव आत अडकलेला. का कोण जाणे, तिच्या मनानं घेतलं, की सिनेमातली पाणबुडी वर आली तर आपलीही येईल. वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग?

दारं उघडली. लोंढा बाहेर आला. पॉपकॉर्नचा रिकामा डबा घेतलेल्या एका तरुणाला तिनं गाठलं.

"शेवटी वर आली का हो?"

"अहो ताई, सांगितलं तर मजा काय राहिली? बघाच तुम्ही. पैसे वसूल!"

"कसले डोंबलाचे वसूल?" त्याचा मित्र उसळला. "एवढासा डबा आणि त्यात घामाघूम झालेली माणसं. धड एक गाणं नाही!" दोघं भांडतच जिना उतरून गेले.

एक बाई डोळे पुसत आली. सुनेनं तिचा दंडच धरला. "आली का वर?" बाईनं मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते कळायच्या आत ती रुमाल तोंडाला लावून पुढे गेली. तिच्यामागून एक गृहस्थ जांभई देत आले. "झकास सिनेमा!" ते म्हणाले. "चला आता," त्यांच्या बायकोनं त्यांना ओढलं. "घोरून घोरून सगळ्या थिएटरला लाज आणलीत."

कोणी हसत होतं, कोणी रडत होतं, कोणी पार्किंगची पावती शोधत होतं. सरळ उत्तर एकाकडेही नव्हतं.

सगळ्यांत शेवटी सासू आली, चिमणीचा हात धरून.

"आई, आली का वर?"

"आली," सासू म्हणाली. "सगळे आले. एकूण एक." आणि नातीचा हात सोडून झपाझप रस्त्याला लागली.

 सून तिथेच पायरीवर टेकली. मग तिच्या लक्षात आलं, की चिमणी गप्प आहे. एरवी या पोरीच्या प्रश्नांना खळ नसायचा. बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं सून तिच्याकडे वाकली.

"कशी आली गं वर?"

"मला काय माहीत? आजीनं माझ्या डोळ्यांवर हात ठेवला होता. पार दिवे लागेपर्यंत."

"मग आजीला विचारायचं."

"तिला तरी कुठे माहितेय!" चिमणी कुजबुजली. "मी बोटांच्या फटीतून हळूच बघितलं ना. सिनेमा नाही दिसला, आजी दिसली. तिनं डोळे गच्च मिटले होते."

सुनेनं मान वर केली. सासू कोपऱ्यावर पाठमोरी उभी होती. रस्ता मोकळा होता, तरी ती ओलांडत नव्हती. पिशवीच्या कडेचा टाका नखानं उसवत होती.

सून तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"आई, उद्या मी जात नाही."

"का गं? माहेरी कुलूप आहे वाटतं?"

"तो आला की सगळे मिळून हा सिनेमा पुन्हा बघू. शेवट बघायचा राहिलाय ना, आपल्या दोघींचा."

सासूचं नख थांबलं. तिनं चिमणीकडे एकदा रोखून पाहिलं. चिमणी लगेच आईच्या मागे दडली.

"बघू," सासू म्हणाली. "पण या वेळी कडेची खुर्ची मला."