कोपऱ्यातली खुर्ची

“म्हणजे दुखणं अजून आहेच,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

आहे, असं तिने मान्य केलं. खुर्च्यांच्या गाद्या शिवण्यात तिचा जन्म गेला होता. त्या कामाने तिची पाठ वाकवली आणि पाठदुखीवरच्या गोळ्यांनी उरलेलं माणूस वाकवलं. पिठाचा डबा, जुने बूट, घड्याळाची मागची बाजू: लेकीने गोळ्या लपवाव्यात आणि आईने हुडकून काढाव्यात. घरात हा लपंडाव बरीच वर्षं चालला. हसू मात्र कुणालाच आलं नाही.

हिवाळ्यापासून ती नवं औषध घेत होती. एका चिनी वनस्पतीच्या कंदातून वेगळं काढलेलं, ओल्या मातीसारखं कडू. ते दुखणं शमवील आणि गोळीची ओढही तोडील, अशी डॉक्टरांना आशा होती. आता ती आशा मावळत चालली होती. दुखणं निम्मंच उतरत असेल तर हे औषध थांबवावं आणि जुन्या गोळ्या बेताने पुन्हा सुरू कराव्यात, असं त्यांचं मत पडलं.

“निम्म्या दुखण्याचं माझं मी बघून घेईन,” ती म्हणाली. “ओढ गेली, त्याचं काय?”

तेव्हा शेजारी बसलेल्या लेकीने मान खाली घालून सांगून टाकलं. कळ असह्य झाली तर जवळ असावी म्हणून डॉक्टरांनीच दिलेली गोळ्यांची बाटली तिने या खेपेला अशा जागी ठेवली होती, की आईच्या ती स्वप्नातही येऊ नये. ओढ गेली नव्हती. गोळी हाती लागत नव्हती, एवढंच. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला.

टेबलाचा आधार घेत ती उठली. कळ पाठीतून मानेपर्यंत चढली, तिने ती लपवली नाही. आधी तिने डॉक्टरांच्या पेनावर हात ठेवला, मग लेकीकडे वळली.

“कोपऱ्यातल्या माझ्या खुर्चीत, गादीच्या आत, डाव्या अंगाला. तुझा टाका मला ओळखू येणार नाही होय गं? पहिल्याच दिवशी दिसला. घरी जाऊन बघ, एकही उसवलेला नाही. आणि दिवसभर त्याच खुर्चीत बसून असते मी.”